वरची ओळ

तीन आठवडे आम्ही फक्त दिशेवरून भांडलो.
हिल्का म्हणाली, नवा कॉल वर हवा,
उतरंडीत शेवटचं मडकं वरच असतं.
मी म्हणालो, मेमरीत तर स्टॅक खाली वाढतो,
पागोळीला लटकलेल्या बर्फाच्या सुळक्यासारखा,
मग पडद्यावर खोटं का बोलायचं?
ताम्पेरेतली जुनी कापडगिरणी, चौथा मजला.
खिडकीखाली वरचं तळं खालच्या तळ्यात
धो धो उतरत होतं,
त्याला कुणी दिशा विचारत नव्हतं.

मग मी रंग ठरवले.
आपला कोड काळा, लायब्ररीचा राखाडी,
ज्या चौकटीचं नाव सापडत नाही
तिला नुसतं प्रश्नचिन्ह, तेही फिकट,
कुणी घाबरू नये म्हणून.
एकच फंक्शन स्वतःलाच हाका मारत सुटलं
तर घडी घालायची:
‘आणि अशाच ९१२ ओळी’.
त्या घडीचा मला फार अभिमान होता.
इस्त्री केल्यासारखी दिसायची.

गुरुवारी काउको आला, वापरून बघायला.
शहराला ऊब पुरवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅमर,
जन्मापासून दृष्टी नाही.
कोट खुंटीला लावला, पडदा बंद केला,
‘वीज कशाला जाळायची’,
आणि एका कानात इअरफोन घालून
माझे तीन आठवडे ऐकायला बसला.

दुसरा इअरफोन त्याने मला दिला.
पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज.
मला एक शब्द लागला नाही.

‘वर की खाली?’ मी विचारलं.
‘मला वर नाही. खालीही नाही.
मला आधी आहे, आणि मग आहे.
आधी सांग मी कुठे अडकलोय,
मग सांग कुणाच्या कामासाठी.’
हिल्का माझ्याकडे बघून हसली नाही.
उपकारच.

बिघाड त्याने घरचाच आणला होता.
पहाटे चारला प्रोग्रॅम कोसळायचा.
प्रत्येक नळी मागच्या नळीला विचारते,
किती ऊब उरली?
ती तिच्या मागचीला.
माझी घडी आली.
‘उघड,’ काउको म्हणाला.
‘सगळ्या सारख्याच आहेत.’
‘हे तू ठरवलंस.’

उघडली. गारा. गारा.
कॉफी ओतली, ती निवली.
सहा मिनिटांनी त्याने बोट उचललं,
‘इथे. ठेका मोडला.’

आठशे एकोणनव्वदावी ओळ.
तोवर नळी १७०४ ही १७०४ लाच विचारत होती,
किती ऊब उरली, किती ऊब उरली,
कुणीतरी नकाशात तिच्या मागे
तिचाच नंबर टाकला होता.
इथे पहिल्यांदा दुसरी कुणी बोलत होती:
१६९८, बिचारी, सरळ मनाने चुकीचं दार ठोठावणारी.
मी ज्याला ‘अशाच’ म्हणालो होतो
त्यात ती होती.

बसथांब्यापर्यंत मी सोबत गेलो.
फुटपाथवर निसरडं, तो माझ्यापेक्षा नीट चालत होता.
मी म्हणालो, स्टॅक म्हणजे आपण कुठून आलो त्याचा इतिहास,
तो दाखवायला जागा कमीच पडते.
‘इतिहास कसला?
काम संपवून गेले ते त्यात नसतातच.
उरतात ते फक्त ताटकळलेले.
परतीचे पत्ते आहेत ते.
तू मागे बघतोयस असं तुला वाटतं,
बघत असतोस पुढे.’
बस आली. चढताना म्हणाला,
‘आणि ते फिकट प्रश्नचिन्ह.
माझा आवाज ते वाचतच नाही.
माहीत नसेल तर मोठ्याने सांग की माहीत नाही.’

रात्री मी घडी उसवली.
आता ती पहिला आणि शेवटचा आकडा सांगते,
आणि मध्ये कुठे ठेका मोडतो तेही.
हिल्काचा क्रम राहिला. नवा वर.
वरच्या ओळीआधी लिहिलं: ‘तू इथे आहेस’,
आणि खाली: ‘बाकीचे वाट पाहताहेत’.
पहाटे चारला पाठवून दिलं.
खोलीतला रेडिएटर टकटकत होता,
म्हणजे कुठेतरी कुणी कुणाला उत्तर देत होतं.

काउकोचं उत्तर सकाळी आलं, एका ओळीचं:
‘बाकीचे किती, ते मोजून सांग.’