उजवीकडची जागा

अकरा वर्षं मी या गाड्यांचे पिंजरे जोडते आहे,
आत कधी बसले नव्हते.
पिल्वी म्हणाली, "हेल्वे, आज शर्यत नाही, नुसता सराव.
ये, एक फेरी."

तिच्या भावाचं हेल्मेट. आत त्याचा घाम,
आणि धुरावलेल्या माशाचा वास.
पाच पट्टे. शेवटचा तिनं
माझ्या मांडीवर गुडघा रोवून आवळला.
"श्वास घेता येतो?"
"नाही."
"मग बरोबर आहे."

सोमवार ते शुक्रवार ही पोरगी दुधाचा टँकर चालवते,
टाकीतलं दूध डचमळू न देता.
शनिवारी हिला काय होतं गं, तिची आई मला विचारते.
मी सांगते, शनिवारी गाडीत दूध नसतं.

व्होरूच्या बाहेरची जुनी खडीची खाण,
तिच्याभोवती फिरवलेली ही मातीची वाट.
पायी मी शंभरदा गेले असेन, मशरूम वेचायला.
आता तीच वाट
अंगावर धावून आली.

वळण यायच्या आधीच पिल्वी गाडी वळवते,
तीही उलटीकडे.
मग समोरच्या काचेत नुसते बर्च,
आणि जायचंय तो रस्ता
माझ्या बाजूच्या खिडकीत.
माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबतो.
तिथे पत्रा आहे. तोही मीच बसवलेला.
पत्र्याखालून खडी ठोठावते आहे,
थांबत नाही,
कुणीतरी घर चुकल्यासारखं.

खरं सांगायचं तर मी मजेसाठी आले नव्हते.

आमच्या मागे, दोन तिरक्या नळ्या छेदतात तिथे,
माझ्या डाव्या आणि तिच्या उजव्या कानाच्या मधोमध,
एक टाका आहे.
बाकीचे सगळे मी मन लावून घातले.
हा फेब्रुवारीतला. बाहेर उणे एकवीस,
शेडचं दार नीट लागत नव्हतं,
आणि इस्पितळातून फोन आला
की एन्डेलला घरी घेऊन जा,
आमच्याकडे आता करण्यासारखं काही उरलं नाही.
मी फोन ठेवला.
टाका पुरा केला. घासला. रंग दिला.
वर फोम गुंडाळला.
तपासनीस आला, टॉर्च मारला, शिक्का दिला.
मला माहीत आहे.
लोखंडालाही.

आणि मग तो उंचवटा.

चाकं सुटली.
ठोठावणं थांबलं.
इंजिन तेवढं एकटंच किंचाळत राहिलं
आणि त्याच्या खाली कुठेतरी
इतकी शांतता
की मी नुसता कान झाले.
पाठीमागे.
त्या एका जागेवर.

आदळलो.
दात दातांवर, कणा खाली, मग वर, मग कुठेतरी.
टाके ढिले होणं म्हणतात
ते माझे झाले.
त्याचा झाला नाही.
की झाला, आवाज न करता?
एन्डेलही कण्हायचा नाही.

कुंपणापाशी ट्रॅक्टरच्या टायरवर बसलेले म्हातारे
थर्मास बाजूला ठेवून ओरडले, "किंचाळली का?"
"छे," पिल्वी म्हणाली, "मान वाकडी करून बसली होती,
शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी."
हसले सगळे. मीही हसले,
दातांत माती करकरली.

मग मी तिला म्हटलं, सोमवारी गाडी घेऊन ये.
"काही मोडलं?"
नाही.
"मग?"
फोम बदलायचाय.
"सोमवारी टँकर असतो."
मग मंगळवारी. पण तोवर चालवू नकोस.

ती बघत राहिली माझ्याकडे.
हेल्मेट अजून डोक्यावरच होतं तिच्या,
नुसते डोळे दिसत होते.
मग तिनं किल्ली काढली
आणि काही न विचारता
माझ्या हातमोज्यात ठेवली.