कुंपणाच्या अलीकडे

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली.
कंपनीचं : यंदा तुमच्याकडून पीक नको.
दवाखान्याचं : पुढच्या महिन्यापासून गोळी उतरवत आणू.
मी दोन्ही फ्रिजवर लावली, एकाच चुंबकाखाली.
चुंबक ग्लेनिसचा, डेव्हनपोर्टच्या बोटीचं चित्र असलेला.
तिचा एवढाच पसारा उरलाय या स्वयंपाकघरात.

सव्वीस वर्षं अफू पेरली मी.
तास्मानियात तो शब्द कुणी वापरत नाही,
आम्ही नुसतं 'पीक' म्हणायचो.
डिसेंबरात टेकडीभर फिकट जांभळी फुलं
आणि तारेवर पाटी : आत येऊ नका, जीव जाईल.
वॉलबींना वाचता येत नाही.
रात्री तारेखालून शिरायच्या, बोंडं खायच्या,
सकाळी पिकात गोल गोल वाटा उमटलेल्या असायच्या,
वाट चुकलेल्या दारुड्याच्या असाव्यात तशा.
आम्ही पोट धरून हसायचो.

बोंडं वाळली की कापायची, ट्रक भरून द्यायचे.
पुढचं आपल्याला काय करायचंय?
कारखाना, जहाज,
कुठल्याशा देशातली कुणाची तरी कंबर.

मग एका फेब्रुवारीत
हार्वेस्टरच्या शिडीवरून माझा पाय सटकला.
दोन मणके. सहा स्क्रू.
जखम भरली, दुखणं गेलं नाही,
भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडासारखं ठाण मांडून बसलं.
तेव्हापासून नेरिडाच्या दुकानातून पांढरी पुडी येते,
वर माझं नाव छापलेलं : आर. ब्रॅमिच.
माझंच पीक. मोजून, विकत.

'एक ते दहामध्ये किती दुखतं?'
डॉक्टर विक्रमरत्ने विचारते.
तिच्या पडद्यावर आकड्यापुरतीच चौकट आहे.
सकाळी ठणका असतो, तो परवडतो,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा पायाशी पडून राहतो.
चमक न सांगता येते, आणि हातातली कपबशी जाते.
रात्री तीनला जे असतं
त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.
'सहा,' मी म्हणतो.

प्रीगाबालिननं पायाच्या मुंग्या गेल्या,
जाताना थोडे शब्दही घेऊन गेल्या.
परवा 'चिमटा' आठवेना.
दोरीवर कपडे धरतं ते, असं म्हणत
हवेत बोटं मिटत उघडत राहिलो.
अमिट्रिप्टिलिननं झोप लागते,
सकाळी जीभ वाळल्या बोंडासारखी खुळखुळते.
पॅरासिटामॉल घेतो
रस्त्यात देऊळ लागलं की हात जोडावेत तसं,
नुकसान तर काही नाही.

राहिली ती एक गोळी.
दुखणं ती घालवत नाही.
दुखणं आणि मी, यांच्या मध्ये एक खोली वाढवते.
त्या खोलीत मी बटाटे सोलतो,
बूट घालतो, दोन्ही.

'तुमच्या भल्यासाठीच,' डॉक्टर म्हणाली,
आणि वाईट हे, की तिचं बरोबर होतं.
झोपेत माझा श्वास मध्येच थांबायचा,
ग्लेनिस कोपर मारून तो पुन्हा चालू करायची.
कोपर मारणारं आता कुणी नाही.
हे मीच तिला सांगून बसलो होतो.

चाळीसवरून तीस. तीसवरून पंचवीस.
पंचवीसवर खोलीची भिंत पुढे सरकायला लागली.

शेजारच्या ट्रेगेन्झाचा करार मात्र चालू आहे.
काल रात्री टॉर्च घेऊन निघालो, पायात सपाता.
कुठलं बोंड, किती पिकलेलं, केव्हा चिरायचं
हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल?
तारेवर हात ठेवला. तार गार होती.
आत एक वॉलबी मान वर करून बघत होती,
जबडा हलत होता, सावकाश.
टॉर्चच्या उजेडाला भ्यायलीसुद्धा नाही.
'बेतानं खा गं,' मी म्हणालो,
आणि वळलो.

जाताना दहा मिनिटं लागली होती.
येताना चाळीस.
आकडाच हवा असेल, डॉक्टर,
तर हा लिहून घ्या.