दोन लावून पाहा

तीस तारखेला बंद होणार म्हणे ते संकेतस्थळ,
जिथे मी अकरा वर्षं फोटो चिकटवले,
वाढदिवसांना फुलं धाडली, आणि एकदा
पाणीकपातीवरून सोसायटीतल्या तिघांशी भांडले.

"मावशी, आधी सगळं उतरवून घ्या,
मग नव्या ठिकाणी चढवा," कैवल्य म्हणाला
आणि क्लासला पळाला.
उतरवा, चढवा. जणू मार्केट यार्डातली
बटाट्याची पोती.

उतरवलं.
पंख्याच्या वाऱ्यानं उडून जाईल
एवढीशी फाइल झाली.
आत चारशे बारा माणसं.

मी टेलिफोन खात्यातली. माणसं हलवायची
मला सवय आहे.
त्या रात्री आम्ही बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
आख्ख्या पुण्याच्या नंबरांआधी दोन लावला होता.
लोहोकरेबाई थर्मासातून चहा ओतत होत्या,
बागवान खालच्या मजल्यावरून ओरडून विचारत होते,
कोथरूड झालं का? हडपसर?
सकाळी शहर उठलं, कुरकुरलं,
डायरीतल्या एकेका नंबराआधी
पेनानं दोन काढत बसलं.
पण हरवलं कोणी नाही.
दोन लावला की जो तो आपापल्या जागी,
आपापल्या हॅलोत.

इथे तसं नाही.
नवं ठिकाण विचारतं, जन्मतारीख घेऊ? घे.
गाव? घे. फोटो? घे बाबा.
नात्याचा रकानाच नाही त्याच्याकडे.
जुन्याकडे होता: ओळखीचे, स्नेही, घरचे.
शेवाळ्यांना मी कितीक दिवस विचार करून
ओळखीच्यांतून स्नेह्यांत घेतलं होतं,
त्यांनी माझे पेन्शनचे कागद भरून दिले त्या संध्याकाळी.
आता ते पुन्हा नुसते शेवाळे.

चारशे बारांपैकी सदुसष्ट सापडले.
उरलेल्यांना आमंत्रण पाठवू?
त्यात फिलोमिना आहे. तिला जाऊन चार वर्षं झाली.
दर जूनमध्ये तिचा वाढदिवस
आधी यंत्राला आठवतो, मग मला.
तिची तारीख मी इकडे आणावी का,
हे विचारायचं कोणाला?
शेजारणीनं ठेवायला दिलेली किल्ली
तशीच पर्समध्ये घेऊन गाव सोडावं,
तसं वाटलं.

मग त्यानं ते विचारलं:
सुनंदा घाटपांडे आणि सुनंदा केळुसकर
या एकच व्यक्ती वाटतात. एकत्र करू?

घाटपांडे पर्वतीच्या पायऱ्या मोजायची,
साठाच्या पुढे हमखास चुकायची
आणि हसत हसत पुन्हा खाली जायची, पहिलीपासून.
केळुसकरनं माझ्या शेवटच्या चार निरोपांवर
फक्त अंगठा ठेवला.
दोघींची जन्मतारीख अकरा मार्च. मोबाइल एकच.
तोही आता लागत नाही.
एकत्र केल्या तर कोणती राहील
हे काही ते सांगत नाही.

'नंतर विचारा'वर बोट दाबलं.

खाली तळजाईला निघालेल्यांची पावलं वाजू लागली होती.
मी हॉलमधल्या फोनवरचा विणलेला रुमाल उचलला,
तिच्या माहेरचा नंबर, जो मला
कुठूनही उतरवावा लागत नाही,
दोन लावून फिरवला.

कोणी पुरुष म्हणाला, राँग नंबर.
मग म्हणाला, थांबा, थांबा. सुनंदाताई हव्यात का?
त्या नसतात इथे. फोन घराबरोबरच आला आमच्याकडे.
पण महिन्याकाठी एखादं विचारतंच त्यांना,
म्हणून आम्ही एक वही केलीय.
तुमचं नाव सांगून ठेवा.

सांगितलं.
पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.
आणि कोण म्हणून लिहू?