उंडीचं तेल

द्वारकीच्या गुडघ्यांना तेल चोळताना
मी तिच्या तोंडाकडे बघत नाही.
तिलाही सवय आहे.
कंपनीच्या नाटकांत, वेंगुर्ल्यापासून बेळगावपर्यंत,
तिच्यासाठी कनाती फाटायच्या.
मग सिनेमा आला, त्याने फक्त पाय घेतले.
वर चेहरा दुसरीचा.

परवा जत्रेत पडदा लावला होता.
नायिका वळली, कॅमेरा खाली उतरला,
आणि मागच्या चटईवरून ही ओरडली,
"गो, ह्यो माझो आंगठो!"
पोरं हसली.
बांगडे विकणारी सत्यभामा तेवढी म्हणाली,
"व्हय तर. नख मोडलला दिसता."

आज ओहोटी लांब गेलीय.
तेल जिरेपर्यंत ती बोलत नाही.
आंगठा मात्र माझ्या मांडीवर
कुठलीतरी सम शोधत राहतो.
मी दाबून धरते.
"रव गो," म्हणते, "तेल सांडात."