आयला

लिहितात इस्ले, ग्रेगरी लोपीस म्हणाला,
पण म्हणायचं आयला.
स्कॉटलंडच्या पश्चिमेला बेट आहे ते.
मी इतका हसलो
की ग्लास टीपॉयवर ठेवावा लागला.

आमच्याकडे हा शब्द
हातोडा अंगठ्यावर बसला की निघायचा,
दिवसातून दोनदा तरी.
अण्णा जयगडच्या खाडीत होड्या बांधायचे.
फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकायचा,
वरून डांबर, गरम, चुलीवरून थेट.
नेम चुकला की आयला,
आणि आत्या टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन
परसातून धावत यायची.

तर गुदेबियात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी घरघरतोय, गुरुवारची रात्र,
बूच निघालं
आणि आधी डांबर आलं.
मग ओला काथ्या धुमसल्याचा वास,
मग मीठ,
आणि घोट उतरून गेल्यावर बऱ्याच वेळाने
जिभेच्या मुळाशी
आत्याची बाटली.

इस्पितळ पितोयस तू, ग्रेगरी म्हणाला.
बावीस दिनार मोजून जखमेचं औषध आणलंस.
त्याचं सगळं शेरीच्या पिंपातलं.
मनुका, काकवी, वाघोलीच्या घरचा नाताळचा केक,
तो डोळे मिटून यादी वाचायचा
आणि मला त्यात फक्त साखर लागायची.
सहा वर्षं हेच भांडण.
वाद संपेपर्यंत बर्फ आणायचा नाही
हा एवढा एकच ठराव दोघांनी मंजूर केलेला.

पाणी मात्र माझं.
मी सित्राला समुद्र उकळतो,
महिन्याच्या पगारावर.
वाफ धरायची, थंड करायची, मीठ परत करायचं,
म्हणजे आमचीही भट्टीच,
फक्त सरकारी, आणि नशा नसलेली.
मेलेलं पाणी, ग्रेगरी नाक मुरडायचा,
त्यांच्या ओढ्यांना निदान मातीची चव असते.

शिफ्टवरच्या युसुफला मी हे सांगून टाकलं,
आपलं पाणी मी कशात घालतो ते.
तो कधी शिवलेला नाही, शिवणारही नाही.
त्याचा आजा मोत्यांच्या होडीवर पाणबुड्या.
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते तेव्हा,
पखाल घेऊन बुडी मारायची,
झऱ्याच्या तोंडाला लावायची, भरून वर यायचं.
युसुफने फक्त विचारलं, किती घालतोस?
तीन थेंब.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
काचेचा ड्रॉपर होता, कोरा, कागदात गुंडाळलेला.
त्याविषयी आम्ही पुन्हा बोललो नाही.

तीन थेंबांनी काय होतं
हे न पिणाऱ्याला सांगता येत नाही,
पिणाऱ्याला सांगावं लागत नाही.
धूर जरा सरकून बसतो.
मागून रंध्याखालची फणसाची ढलपी येते,
पिवळी, ओलसर,
कामावर अण्णांची लहर चांगली असल्यासारखी.

मार्चमध्ये ग्रेगरी कायमचा गेला.
कंपनीने हिशोब चुकता केला, त्याने फ्रीज विकला,
सोफा कुण्या मल्याळी जोडप्याला दिला,
आणि पाव भरलेली एक बाटली माझ्या हातात ठेवली.
जिभेला वळण लाव, म्हणाला.
लिफ्टमध्ये बॅग अडकली, ती सोडवण्यात
निरोपाचं राहूनच गेलं.

अजून नाही आवडत मला ती.
फार गोड, पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्यासारखी
सगळ्यालाच छान छान म्हणते.
तरी दर गुरुवारी एक बोटभर.
माझी धुराची बाटली शेजारी बंद असते,
मी तिच्याकडे बघत नाही.

आज ड्रॉपरने तीन थेंब घातले,
मग चौथा, मग पाचवा.
मनुका हलेनात.
केक कुठे दिसतो का म्हणून डोळेसुद्धा मिटले.
आयला, म्हटलं,
मोठ्याने, अंगठ्याला काहीही झालेलं नसताना,
आणि समोरच्या खुर्चीवर
इस्त्रीला द्यायचे शर्ट होते.