आवृत्ती ०.७

खेळात काहीच होत नाही,
हे मी आधीच सांगून ठेवते.
एक फ्लॅट आहे, मुसफ्फातल्या आमच्या फ्लॅटसारखा,
शाबिया दहा, दुसरा मजला, खिडकीखाली पार्किंगची वाळू.
तुम्ही एक बाई आहात. हात दिसतात, चेहरा नाही.
भांडी घासायची, एसीखालची बादली ओतायची,
रात्री दाराला कडी लावायची.
मग दुसरा दिवस.

भूत नाही. रक्त नाही.
दचकवायला मांजरसुद्धा ठेवलेलं नाही.

आवाज मात्र सगळे खरे.
हेरंब रिगवर गेला की अठ्ठावीस दिवस
मी फोन पुढे धरून घरभर हिंडायचे:
फ्रिजचं कण्हणं, आमच्या मजल्यावर उगाच थांबणारी लिफ्ट,
बादलीतला थेंब, जो बादली भरत आली
की वरच्या पट्टीत चढतो.
नऊ वर्षांत हे मला माहीत नव्हतं.
पहाटेची अजान, दोन मशिदींची, अर्ध्या श्वासाच्या अंतराने,
ती मात्र खेळात घेतली नाही.
तिची सोबत होते.

किल्लीचा आवाज त्याच्याकडूनच मागून घेतला.
निघायच्या सकाळी, बॅग खांद्याला, खाली गाडी उभी,
म्हटलं, बाहेर जा आणि एकदा दार उघड ना, नेहमीसारखं.
हसला. पण उघडलं.
किल्ली आधी उलटी, मग सुलटी, मग छोटासा खोकला.
पाच सेकंद.

खेळातल्या चौथ्या दिवशी तो आवाज येतो.
दार उघडत नाही.
नवव्या दिवशी पुन्हा.
तेराव्याला मुद्दाम काही ठेवलं नाही, फार सोपं झालं असतं.
सतराव्या दिवशी रॅकवर बुटांचा एक जोड जास्त,
बोटं भिंतीकडे.
विसाव्याला बेसिनपाशी कोणीतरी हात धुतं. बराच वेळ.

शारजाहून नसरीन परकारने खेळून पाहिला.
"काय गं, काहीच होत नाही," म्हणाली.
मग, "थांब, किचनची लाईट लावून येते."
रात्री दोनला मेसेज: तो आत येतो का शेवटी?
लिहिलं, अजून ठरवलं नाही.

ठरवायला बसले तेव्हा कळलं,
आत येणारा माणूस मला करताच येत नाहीये.
नऊ वर्षांतली साडेचार तो घरात होता
आणि माझ्याकडे नुसते आवाज,
बेसिन, बूट, पलंगाची कुरकुरणारी डावी बाजू.
चेहऱ्याच्या जागी करडा चौकोन ठेवला, तात्पुरता.
फाईलचं नाव: नंतर.

अठ्ठाविसाव्या दिवशी धुळीचं वादळ.
हेलिकॉप्टर उडेना.
मेसेज आला: उद्या.
दुसऱ्या दिवशी: उद्या.
एकतिसाव्या रात्री मेसेज नाही.
हेडफोन लावून मी तेच पाच सेकंद कमी-जास्त करत बसलेले,
किल्ली, किल्ली, खोकला.
किल्ली, किल्ली, खोकला.
हेडफोन काढला.
किल्ली.
किल्ली.

खोकला आला नाही.

मी उठले नाही.
आतून कडी असेल तर किल्लीचं काही चालत नाही,
हा नियम मीच लिहिलाय.

"अगं, कडी काढ ना."

हे वाक्य खेळात नाही.
मी कोणाकडून बोलून घेतलं नव्हतं.
फाईली पुन्हा एकदा चाळल्या, खात्रीसाठी.
तो तोवर बाहेर उभा.

मग काढली.
त्याने बूट काढले, बोटं भिंतीकडे.
हात धुतले. बराच वेळ.
दाढी वाढलेली, पापण्यांत वाळू, डिझेलचा वास.
जेवताना विचारलं त्याने, काय झालं तुझ्या खेळाचं?
आला का माणूस आत?
आमटी वाढता वाढता मी बघत राहिले,
डोळे, नाक, हनुवटीवरचा व्रण,
हा कधीचा?

दिवा घालवताना म्हणाला, कडी लावलीस ना?
लावली होती. आतून.
एसीखाली बादली भरत आलेली,
थेंब वरच्या पट्टीत.