चिमटा

चिमटा म्हटलं की दोन पाय आलेच.
एका पायाने चुलीतला निखारा उचलून दाखवा.
तरी डॉक्टर शिरगुप्पे कोल्हापुराहून
जीपच्या टपावर बांधून जी सायकल घेऊन आले
तिला पुढे एकच पाय होता. डावा.
उजवीकडे नुसती हवा,
आणि आऱ्यांच्या पलीकडे उघडा आचरा तिठा.

माणसं जमली.
कोणी विचारलं, अपघात?
कोणी म्हणालं, एक चोरीला गेला.
पाटीवाली कुंदा म्हणाली, अर्ध्या पैशांत मिळाली असणार,
आणि डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा
बांगडे उचलून
एक शब्द न बोलता चालती झाली.

मी सोळा वर्षं दोन पायांचेच खोलत आले.
वरून जुळे दिसतात, आत तसं नसतं.
एका नळीत हवा कोंडलेली, दुसरीत तेल.
एकाने उसळायचं, दुसऱ्याने आवरायचं.
बावतीस आणि मी हे दुकान चालवायचो तसंच.
तो बोटीवर गेला त्याला आता चार पावसाळे झाले.
गिऱ्हाइकाशी हसणं आणि उधारी मागणं
दोन्ही माझ्याच गळ्यातून निघतं.

असो. डॉक्टरांच्या नळीत सगळं एकातच होतं,
हवा, तेल, आणि सुईएवढ्या रोळ्यांच्या रांगा.
वरचं रबर फाटलेलं, आत खारा वारा शिरलेला.
रोळ्या सरकत सरकत खाली गोळा झाल्या होत्या,
त्यामुळे पाय निम्माच दबायचा
आणि डॉक्टरांना वाटत होतं, आपलं वजन कमी झालं.

चाक काढायचं तर आधी ब्रेक सोडा.
ही कटकट.
पंक्चर मात्र चाक न काढता निघतं,
टायर उघड्या अंगाने
बांगडीसारखा उतरतो.
हे मला आवडलं. कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी दोन्ही सायकली मुणग्याच्या सड्यावर नेल्या.
आधी माझी.
जांभ्याच्या भोकाभोकांवरून उतरताना
एक पाय दुसऱ्याच्या केसभर मागे पोचतो,
आणि हँडल हळूच विचारतं, इकडे की तिकडे?
इतक्या वर्षांत तो प्रश्न कानाआड झाला होता.
मग डॉक्टरांची.
डावीकडे ओढेल म्हणून मी खांदा आवळून बसले होते.
ओढलं नाही.
विचारलंही नाही काही.
खाली बघितलं की पोटात गोळा,
समोर बघितलं की रेल्वेचा रूळ.
खाली बघायचं नाही, एवढंच शिकायला
मला तीन फेऱ्या लागल्या.

घरी आणली तर बाबा पडवीत.
जनू मेस्त्री, चाळीस वर्षं होड्या बांधलेला माणूस.
चष्मा न लावता त्यांनी तो पाय चाचपला,
वरपासून खालपर्यंत, लाकडाची गाठ शोधावी तसा.
मी म्हटलं, दुसरा पायच नाही बघा.
म्हणाले, "उलांडी एकाच बाजूक असता.
दुसरी खंय, असा कोण इचारता?"
आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, मग चांगला कुठला?
मी म्हटलं, तुमचा.
पण दोन पायांचं सील कुडाळात मिळतं,
तुमच्या रोळ्या पुण्याहून यायला पंधरा दिवस,
आणि तोवर समुद्र काही सुट्टी घेत नाही.
इथे राहणार असाल तर माझा घ्या.
ते हसले. त्यांच्याकडे जीप होती.

पावतीपुस्तकात लिहिलं, चिमटा एक, सर्व्हिस.
मग चिमटा खोडला.
उलांडी लिहिणार होते, पण डॉक्टरांना कळलं नसतं.
शेवटी लिहिलं,
डॉक्टरांचा पाय, डावा. तेल बदलले.
खाली सही केली, आणि सवयीने
बावतीसच्या सहीला जागा सोडली.